कवी मरत होता, वडे गार होत होते

मंडळी, आज दुपारी इथे नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनच्या आपल्या मराठी फिल्म क्लबने एका आर्मेनियन कवीच्या आयुष्यावरचा सिनेमा दाखवला. मी हौसेने ऑफिसमधल्या नारिनेला घेऊन गेले. ती आर्मेनियाची, त्या कवीच्या ओळी ऐकतच वाढलेली.

सिनेमात संवाद जवळजवळ नाहीतच. छपरावर लोकर वाळवणाऱ्या बायका, बर्फात एकटा उभा घोडा. मागच्या रांगेतून लगेच सुरू, "अरे, स्टोरी कधी चालू होणार?"

शेवटाकडे म्हातारा कवी अंथरुणाला खिळला, डोळे मिटू लागला आणि फटकन दिवे लागले!

आमचे अध्यक्ष उभे. "चला, इंटरव्हल! वडे गार होतायत." या थिएटरात इंटरव्हल नसतो, म्हणून यांनी तो खास सांगून ठेवायला लावला होता.

वडे हाणून सगळे पांगले. उरलेला सिनेमा आम्ही दोघींनीच पाहिला.

घरी येऊन ग्रुप उघडला, तर अध्यक्ष लिहितात, "कवीच्या मृत्यूचा प्रसंग बघून डोळे पाणावले." खाली हार्टांचा नुसता पाऊस.

अहो, तो प्रसंग तुम्ही पाहिलात कधी? पाणी मिरचीमुळे आलं असेल.

पुढच्या वेळी नुसते वडेच ठेवूया का? कवीला कशाला उगाच मारायचं?