जालिंदरच्या जीपचा जामीन

सिरसाळ्याच्या जालिंदरनं वीस वर्षं गाड्या चालवल्या, पण त्यातली एकही त्याची नव्हती. आधी कारखान्याचा उसाचा ट्रक, मग दूध संघाचा टेम्पो, आणि पाऊस रुसला तेव्हापासून पाण्याचा टँकर. दोन हजार तीनचा उन्हाळा हा टँकरचा तिसरा. पाऊस पडला की टँकर बंद होणार, हे त्याला ठाऊक होतं. रोज आभाळाकडं बघताना पाऊस यावा असं वाटायचं, आणि आला तर आपण काय करायचं, हेही त्याच वेळी मनात यायचं.

वाट काढली त्याच्या बायकोनं, मनकर्णानं. शिलाईच्या पैशांतून ती सहा वर्षं पतसंस्थेच्या पिग्मीत रोज दहा-वीस रुपये टाकत आली होती. चाळीस हजार जमले होते. जुनी जीप घेऊन परळी रस्त्यावर प्रवासी वाहतूक करायची, असं तिनं ठरवूनच टाकलं.

परळीत एका दलालाकडं पांढरी जीप होती. किंमत एक लाख चाळीस हजार. जालिंदरचा चुलतभाऊ शहादेव एसटीच्या आगारात मेकॅनिक होता. त्यानं इंजिन ऐकलं, गाडीखाली घुसून पाहिलं आणि मान डोलावली. जालिंदरनं तिथंच दोन हजार इसार दिला.

पतसंस्थेचे सचिव बबनराव म्हणाले, लाखभर कर्ज मिळेल, पण जामीनदार दोन लागतील. एक पगारदार आणि एक जमीनवाला सभासद. पगारदार म्हणून शहादेव लगेच तयार झाला. जमीनवाला मात्र मिळेना. जालिंदर तिघांकडं जाऊन आला. तिघांनीही चहा पाजला. एकानं दिवाळीनंतर बघू म्हटलं, दुसऱ्यानं पोरांना विचारावं लागेल म्हटलं, तिसरा आधीच कुणाला तरी जामीन होता. सलग तिसऱ्या दुष्काळात कोण सही देणार, म्हणून जालिंदरनं कुणाचा राग धरला नाही.

त्याच्या टँकरच्या वाटेवर वच्छलाबाईंची वस्ती होती. नवरा वारलेला, बारा एकर कोरडवाहू जमीन, पतसंस्थेच्या पहिल्या सभासदांपैकी एक. टाकी भरत होती तेव्हा त्यांनीच विचारलं, "तोंड कावून उतरलंय रे?" जालिंदरनं सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी टँकर आल्याबरोबर त्या म्हणाल्या, "कागद घेऊन ये. अंगठा मी देते."

जालिंदर म्हणाला, "माय, घरात इचारा तरी."

"तुझी माय गेली त्या दिशी बी सांजच्याला टँकर आलता. मला आनि काय इचारायचंय? फकस्त एक सांग, गाडीवर बोजा हाय का?"

जालिंदर हसला. बोजा सातबाऱ्यावर असतो, गाडीवर कुठला, असं म्हणाला. पण वच्छलाबाई हसल्या नाहीत. त्यांच्या मालकांनी एकदा शेत घेतलं होतं, आणि मागाहून त्याच्यावर बँकेचं नाव निघालं होतं. कोर्टाच्या पायऱ्या झिजवण्यात आठ वर्षं गेली. "बघून ये," एवढंच त्या म्हणाल्या.

जालिंदरनं दलालाकडं गाडीचं मूळ आरसी बुक मागितलं. दलालानं आज-उद्या करत दोन खेटे घालायला लावले. तिसऱ्यांदा शहादेवनं जालिंदरला बरोबर घेतलं आणि गाडीचा नंबर घेऊन आरटीओ कचेरी गाठली. गाडीवर एका फायनान्स कंपनीचं नाव होतं, आणि कंपनीला फोन लावल्यावर कळलं की मालकानं वर्षभरात एकही हप्ता भरला नव्हता. कंपनीची माणसं कुठल्याही दिवशी, भर रस्त्यात, प्रवासी उतरवून जीप ओढून नेऊ शकली असती.

हे ऐकून जालिंदर कचेरीबाहेरच्या लिंबाखाली बसला. इसार बुडाला. पण मनकर्णाचे चाळीस हजार वाचले, आणि एका म्हातारीची जमीन नसत्या घोरात पडता पडता राहिली. आपण त्या प्रश्नावर हसलो होतो, याची त्याला लाज वाटली.

दोन महिन्यांनी घाटनांदूरला एक जीप मिळाली. जुनी, मातकट रंगाची, पण कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र होतं आणि आरसी बुकवरून बँकेचं नाव उतरलेलं होतं. जालिंदर कागद घेऊन आधी वस्तीवर गेला. वच्छलाबाईंनी ओळ न् ओळ वाचायला लावली, अगदी इंजिनाच्या नंबरासकट. मग पतसंस्थेत जाऊन अंगठा दिला. बबनरावांनी उठून त्यांना स्वतःची खुर्ची दिली.

पुढच्याच आठवड्यात त्या परळीच्या बाजाराला निघाल्या आणि जालिंदरच्या जीपमध्ये बसल्या. उतरताना त्यांनी भाडं पुढं केलं. जालिंदर हात मागं घेऊन म्हणाला, "तुमच्याकडून कसं घेऊ, माय?"

"घे. फुकट बसवत गेलास तर हप्ता कुठून भरशील? जामीन मी हाय."

त्यानं पैसे घेतले, कपाळाला लावले आणि खिशात ठेवले. पुढं चार वर्षं त्याचा एकही हप्ता चुकला नाही. शेवटचा भरला त्या दिवशी तो आणि मनकर्णा वस्तीवर गेले. वच्छलाबाई तुरीच्या शेंगा सोलत होत्या. "बरं झालं," त्या म्हणाल्या आणि दोघांना जेवायला बसवलं.