भोंग्याचे तीन वार

फळबाजारात त्याला सगळे भोंगा म्हणत आणि ते त्याला आवडायचं. लिलाव पुकारायला तो लाकडी खोक्यावर चढला की बाजाराच्या पार टोकाला चहा पीत बसलेल्यालाही संत्र्यांचा भाव कळायचा. तोंडाचा पट्टा असा की समोरच्याला शिंकायचीही भीती, न जाणो तीही बोली म्हणून धरली जायची. भाव चढायचा थांबला की तो तळहात टेबलावर आपटून म्हणायचा, "एक वार... दोन वार... तीन वार." की झाला सौदा. मग माल घेणाऱ्याच्या हातात एक फळ जादा ठेवायचा आणि म्हणायचा, "वर एक." लोक निम्मे माल घ्यायला यायचे आणि निम्मे त्याला ऐकायला.

बायको नेमकी उलट. चष्मेवाल्याच्या शेजारी तिचं कॅमेरे दुरुस्त करायचं छोटं दुकान होतं. दिवसभर डोळ्याला भिंग लावून बारीक स्क्रू काढायचे आणि बसवायचे, या कामात बोलणार कोणाशी? घरी आल्यावर त्याने बोलायचं आणि तिने हं म्हणायचं, अशी संसाराची सरळ वाटणी झाली होती. "तुझ्या वाटणीचंही मीच बोलतो," असं तो चारचौघांत सांगायचा. तिची काही तक्रार नव्हती.

मग एका सकाळी त्याच्या मेंदूत रक्ताची गाठ अडकली. जीव वाचला, उजवा हात जरा जड राहिला, पण शब्द गेले. त्याला समजत सगळं होतं. शब्द मनात यायचा आणि तोंडापर्यंत पोचेपर्यंत वाटेतच कुठेतरी हरवायचा. किल्ली मागायला जायचा आणि तोंडातून चमचा निघायचा. आपण चुकलो हे सगळ्यांत आधी त्यालाच कळायचं, हे त्यातलं सगळ्यांत वाईट.

थोडं बरं वाटल्यावर तो बाजारात गेला. लोकांनी हौसेने खोक्यावर चढवलं. समोर केळ्यांचे घड होते आणि तो "के... के..." करत घामाघूम झाला. केळ्यांचा व्यापारी म्हणजे त्याचा जुना दोस्त. त्याने पुढे होऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हटलं, "बस आता, भोंग्या. आराम कर." त्यात वाईट हेतू काडीचाही नव्हता. पण त्या दिवसापासून भोंग्याने तोंडाला कुलूप लावलं. घराबाहेर एक अक्षर नाही, कोणी भेटलं तर नुसती मान हलवायची. घरातही अगदी अडलं तरच एखाद-दुसरा शब्द. बायकोला आयुष्यात पहिल्यांदा घरात स्वतःचा आवाज ऐकू येऊ लागला आणि तो तिला मुळीच आवडला नाही.

हे असं डोक्यात घोळत असताना काम कसलं धड होणार? एका लग्नाचे फोटो काढणाऱ्याचा कॅमेरा साफ करताना तिचा चिमटा निसटला आणि आतली पातळ निळसर काच तडकली. ही काच एक चोख पहारा करते. माणसाच्या डोळ्याला न दिसणारा, पण कॅमेऱ्याला दिसणारा एक प्रकाश असतो, इन्फ्रारेड म्हणतात तो. त्याला ती आत येऊ देत नाही. तशी काच मिळेना, म्हणून तिने चष्मेवाल्याकडून साधी काच त्याच मापाची कापून घेतली आणि बसवून दिली. कॅमेरा सुरू झाला, तिचा जीव भांड्यात पडला.

दोन दिवसांत गिऱ्हाईक दारात. "ताई, नवरदेवाचा काळा कोट किरमिजी आलाय. त्याचा बाप माझ्यावर धावून आला."

तिने मुकाट्याने आपल्या कपाटातला एक चांगला कॅमेरा त्याच्या हातात ठेवला आणि बिघडलेला स्वतःकडे. दुसऱ्या कोणी तो अडगळीत टाकला असता. पण दुरुस्ती करणारं माणूस भारी चिवट असतं. आता पहारा उठलाच आहे, तर आत काय काय येतं ते तरी बघू, असं तिच्या मनाने घेतलं. खणात जवळजवळ काळी दिसणारी एक काच वर्षानुवर्षं पडून होती. दिसणारा प्रकाश अडवायचा आणि न दिसणारा सोडायचा, एवढंच तिचं काम. ती तिने कॅमेऱ्याच्या भिंगावर चढवली, नवऱ्याला बरोबर घेतलं आणि भर दुपारी बागेतल्या तळ्यावर गेली.

पहिला फोटो बघून ती थक्क झाली. झाडं पांढरीशुभ्र, गवत पांढरं, आकाश काळंभोर आणि तळं त्याहून काळं. हिरवी पानं तो न दिसणारा प्रकाश जोरात परतवून लावतात, पाणी आणि निरभ्र आकाश परतवत नाहीत, हे तिला माहीत होतं. माहीत असणं वेगळं आणि दिसणं वेगळं. तिने बाकावर बसलेल्या नवऱ्यापुढे कॅमेरा धरला.

तो बराच वेळ बघत राहिला. मग अचानक त्याने डावा तळहात बाकावर आपटला.

"एक वार," तो म्हणाला. "झाड... पांढरं."

ती दचकली. हात पुन्हा आपटला.

"दोन वार. रागावलं नाही ते."

तिसऱ्यांदा हात आपटला तेव्हा त्याचे डोळे चमकत होते. "तीन वार. म्हातारं झालं."

"पुन्हा म्हणा," ती कशीबशी म्हणाली. नुसतं म्हणायला गेला तर काही जमेना. हात आपटला, वार मोजला, की ओळ आली. डॉक्टरांनी नंतर समजावलं की घोकून घोकून मुरलेलं मोजणं मेंदूत निराळ्या कोपऱ्यात राहतं, आणि कधी कधी त्याचं बोट धरून बाकीचे शब्दही बाहेर येतात. तिला कारणाशी काही देणंघेणं नव्हतं. नवरा बोलला होता, आणि चमचा नाही बोलला.

तिने त्या ओळी वाचनालयाच्या ग्रंथपालांना ऐकवल्या. त्यांनी बोटांवर अक्षरं मोजली. "पाच, सात, पाच. वहिनी, हा तर हायकू झाला."

"म्हणजे?"

"तीन ओळींची कविता. दिसलं ते सांगायचं आणि गप्प बसायचं."

"मग ती यांनाच जमणार," ती म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी मोकळी हसली.

तेव्हापासून दोघं रोज दुपारी बाहेर पडू लागली. बाकीचे फोटोवाले सकाळच्या कोवळ्या उन्हासाठी जीव टाकतात, या कॅमेऱ्याला मात्र डोकं तापवणारं ऊन लागायचं. ती फोटो काढायची, तो टोपी सावरत तीन वार मोजायचा. कधी एका ओळीला अख्खी दुपार जायची, कधी ओळ यायचीच नाही. पांढऱ्या पानांत वठलेली एक फांदी दिसली तेव्हा मात्र लगेच म्हणाला, "एकच फांदी... काळी राहिली, तिला... विचारा कुणी." ऐकून तिने पदर डोळ्यांना लावला आणि ऊन लागतंय म्हणाली.

एका फोटोवरून मात्र त्यांचं वाजलं. काळ्या तळ्यात पांढऱ्या झाडांचं प्रतिबिंब सुरेख आलं होतं, पण काठाशी, उलटी, डोळ्याला कॅमेरा लावलेली ती स्वतःही आली होती. फोटो काढणारीच फोटोत, हा अगदी शिकाऊ दोष. ती तो पुसायला निघाली तर त्याने तिचं मनगट धरलं.

"नाही."

"अहो, मी आलेय त्यात."

"नाही," तो पुन्हा म्हणाला. का, ते सांगायला शब्द कुठले? तिने कपाळावर हात मारून फोटो राहू दिला.

त्या वर्षी छायाचित्रकार मंडळाच्या स्पर्धेत फोटो आणि कविता असा एक विभाग होता. ग्रंथपालांनी परस्पर या दोघांची नावं देऊन टाकली आणि भोंग्याने तळ्याचाच फोटो पुढे केला. नियम एकच होता, ज्याची कविता त्याने ती सभागृहात वाचायची. मंडळाचे चिटणीस दुकानात येऊन म्हणाले, "वहिनी, तुम्ही वाचा. नियम आपण जरा वाकवू." परगावी असलेल्या त्यांच्या मुलीचाही फोन आला. "आई, बाजारात झालं ते पुरे नाही का? चारचौघांत पुन्हा अडले, तर घरातलं बोलणंही टाकतील."

मुलगी खरं तेच बोलत होती. एवढ्या कष्टाने मिळालेले तीन वार एका संध्याकाळी गमवायचे? "मी वाचते," असं तिने जाहीर करून टाकलं. तोही मान खाली घालून हो म्हणाला.

ती स्वयंपाकघरात मोठ्याने सराव करू लागली. तो सराव काय वर्णावा! विजेचं बिल वाचावं तसा सपाट सूर, कुठे थांबायचं पत्ता नाही. बाहेरच्या खोलीत त्याने एकदा ऐकून घेतलं, दुसऱ्यांदाही घेतलं. तिसऱ्यांदा दारात येऊन उभा राहिला, चेहरा लाल.

"नाही," तो म्हणाला. मग स्वतःच्या छातीवर बोट. "मी."

सभागृह भरलं होतं. मुलगी पुढच्या रांगेत होती. ग्रंथपालांनी कुठे कुठे बोलून ठेवलं होतं कोण जाणे, मागच्या रांगेत अख्खा फळबाजार येऊन बसला होता, हमाल, व्यापारी, झाडून सगळे. केळ्यांचा व्यापारीही होता. त्याला बघून भोंग्याचा पाय पायरीवरच अडखळला. पण तो चढला. मोठ्या पडद्यावर काळं तळं उमटलं. मंडळाचे अध्यक्ष शेजाऱ्याला म्हणाले, "बिघडलेला कॅमेरा, दुसरं काय," आणि ते बायकोने भिंतीशी उभ्याउभ्या ऐकलं.

डावा तळहात टेबलावर आपटला. "एक वार. तळं काळंच."

पुढचे लोक गमतीने हसले. मागची रांग मात्र ताठ झाली.

"दोन वार. बोलत नाही, तरी..."

हात तिसऱ्यांदा आपटला. "तीन वार." आणि पुढे काही नाही. "झा," तो म्हणाला. "झा... झा..." ओळ होती 'झाड दिसतं'. बायको ती मनातल्या मनात ओरडून सांगत होती. त्याच्या कपाळावर घाम आला. मुलीने मान खाली घातली. चिटणीस खुर्चीतून उठू लागले. तेवढ्यात मागे केळ्यांचा व्यापारी उभा राहिला, आणि बायकोला वाटलं, हा आता बस म्हणणार.

"घाई नाही, भोंग्या," तो तिथून म्हणाला. "आम्ही थांबलोय."

चिटणीस परत बसले. भोंग्याने मान वर करून सगळं सभागृह न्याहाळलं, खोक्यावरून बाजार न्याहाळायचा तसं. त्याची नजर भिंतीशी येऊन थांबली. हात वर गेला आणि असा आपटला की माईक कुरकुरला.

"तीन वार," तो म्हणाला, आणि तो आवाज जुना होता, बाजाराच्या पार टोकापर्यंत जाणारा. "बायको दिसते."

क्षणभर कोणालाच काही कळलं नाही. मग एकेक मान पडद्याकडे वळली. पांढऱ्या झाडांखाली, काळ्या पाण्यात, काठाशी उलटी उभी असलेली लहानशी बाई सगळ्यांना सापडली. टाळ्यांचा कडकडाट झाला. मागच्या रांगेत व्यापाऱ्याने सवयीने बोलीचा हात वर केला होता आणि तो खाली घ्यायचं त्याला भानच नव्हतं. जिला तो फोटो पुसून टाकायचा होता ती बाई भिंतीला टेकून ढसाढसा रडत होती, आणि या वेळी उन्हाचं नाव पुढे करायचीही सोय नव्हती.

पहिलं बक्षीस त्यांनाच मिळालं, आणि ते अध्यक्षांनाच हसून द्यावं लागलं. लोकांनी हट्ट धरला म्हणून त्याने बाकीच्या कविताही ऐकवल्या. एकदोन ठिकाणी अडला, पण लोक थांबले.

बाहेर चहा पिताना ग्रंथपालांनी सवयीने बोटं मोजली. "सगळं झकास. शेवटच्या ओळीत मात्र एक अक्षर जास्त झालं हो."

भोंग्याने बायकोकडे पाहिलं, मग आपल्या बाजारवाल्यांकडे.

"वर... एक," तो म्हणाला.

हमाल हसून हसून लोळायचे बाकी राहिले. घरी जाताना तो वाटभर बोलत होता, अडत, चुकत, दिव्याला किल्ली आणि रस्त्याला चमचा म्हणत. झाड खरंच आठवलं नव्हतं की त्याने ते मुद्दाम टाकलं, हे विचारायचं तिच्या ओठांवर आलं होतं. पण तो बोलत होता, म्हणून तिने विचारलं नाही. ती आपली शेजारून चालत हं म्हणत होती.