खामगावच्या फाट्याचं उखडलेलं टोक

गुलाबचा निरोप आला, "रूळ परत येऊन राह्यले. मरायच्या आधी पाह्यून जा." मग काय, सूनबाईला भाकऱ्या बांधायला सांगितलं आणि निघालो. गुलाब माझा शाळासोबती. मी धामणगाव बढ्याला शेती पाहत, श्लोक घोकत म्हातारा झालो. तो खामगावच्या एका कापूस-प्रेसमध्ये गाठी चढवणाऱ्या टोळीचा मुकादम झाला.

वऱ्हाडचा कापूस विलायतेला जावा म्हणून सायबानं जलंबहून खामगावला रेल्वेचा हा फाटा काढला, तेव्हा आम्ही जन्मलोही नव्हतो. पुढे त्यालाच एक शेपूट जोडून रूळ थेट गुलाबच्या प्रेसच्या दारात नेले. लढाई लागली तेव्हा सरकारनं लोखंडासाठी त्या शेपटाचे रूळ उचलून नेले. प्रेस बंद पडली. मालकानं टोळीला बजावलं होतं: रूळ परत आले तर प्रेस सुरू करू, नाहीतर चाळीतल्या खोल्या रिकाम्या करा.

कोणाला जायचं असेल तर सांगतो. मलकापूरपर्यंत छकडा, पहाटेच निघा, नाहीतर ऊन आणि मोटारींची धूळ दोन्ही खावी लागतात. मलकापूरला नागपूरकडची गाडी धरून जलंबला उतरायचं, तिथे खामगावची छोटी गाडी मिळते. तिकिटाला थोडेच आणे पडतात, पण सुटे जवळ ठेवा. डबा जुना, बाकं टणक. तरी चाकं रुळांच्या सांध्यांवर पडू लागली की भुजंगप्रयाताचा ठेका आपोआप जुळतो. मी पुटपुटत होतो. समोरचे दोन व्यापारी मात्र गद्यच बोलत होते.

"लारी दारात उभी राह्यते, मंग रूळ कायले पाह्यजे?"

"हाव ना. रूळ म्हंजे आता बुढ्याईचं काम!"

मी खिडकीबाहेर पाहू लागलो. कापूस फुटला होता.

"काऊन बे, वाटेत झोपला होता का?" गुलाब स्टेशनावरच ओरडला. "सकाळधरनं वाट पाह्यतो तुही."

चाळीत त्याची बायको सरजा म्हणाली, "भाऊजी, याहीले झोप नाही. नवरदेवावानी मिरवून राह्यले."

जेवणात ज्वारीची भाकर, झुणका, मिरचीचा ठेचा. मग गुलाबनं मला प्रेसमागे नेलं. रूळ नव्हते, लाकडी स्लीपर मात्र खडीत जागच्या जागी होते, ओळीतले शब्द पुसून नुसत्या मात्रा ठेवाव्यात तसे. टोळीनं दरसाल तिथलं गवत उपटलं होतं. थंडीत शेकायला पऱ्हाटीच्या काड्या जाळल्या, पण एका स्लीपरला हात लावला नव्हता. आता बहुतेक स्लीपरांवर चुन्याचा ताजा पट्टा होता.

"रेल्वेची माणसं मारून गेली," गुलाब म्हणाला. "समजलं ना?"

मला समजलं नाही. तेव्हा त्यानं सांगितलं: प्रेसमध्ये गाठ तपासून पसंत पडली की तिच्यावर चुन्याचा पट्टा ओढत, आणि तीच मालगाडीच्या वाघिणीत चढे. पट्टा म्हणजे माल पास. लाकडं पास झाली म्हणजे वर रूळ येणारच. साऱ्या टोळीनं असंच धरलं होतं, मीही धरलं.

शेतात पहिल्या वेचणीला बाया दहीभात ठेवून सीतादही करतात. या टोळीची रीत अशी की हंगामातली पहिली गाठ चढायच्या आधी दहीभात रुळावर ठेवायचा. दुसऱ्या दिवशी सरजानं तो पहिल्या स्लीपरवर ठेवला. तेवढ्यात ठेकेदाराचा माणूस चार बैलबंड्या घेऊन आला.

"रूळ कवा येतात, सायेब?" गुलाबनं विचारलं.

"कोणते रूळ? आम्ही स्लीपर न्यायला आलोय. पट्ट्याचे सगळे काढायचे."

"पट्टा तर चांगल्या मालावर मारतात."

"चांगले आहेत म्हणूनच तर! दुसऱ्या लायनीला लागतात. एवढे जपले तरी कोणी?"

तो पट्टे मोजत गेला. मग तो माणूस म्हणाला, "हात कमी पडतात. रोजी देतो, येता का?"

टोळीतला एक बुढा हसला. "घ्या! आपलीच तेरवी, आपणच वाढपी."

गुलाबनं पहार उचलली. सरजा म्हणाली, "अहो, दहीभाताचा तेवढा राहू द्या."

"पह्यला तोच निघंल," तो म्हणाला. "नाही तर दुसऱ्याले हात कसा लावू?"

तिनं दहीभात उचलून पदराखाली घेतला. संध्याकाळपर्यंत खडीत बहुतेक खड्डेच राहिले. मला एकही ओळ आठवेना. कवितेनं माणूस सावरतो असं मी जन्मभर सांगत आलो. तिथे ते तोंडातून निघालं नाही.

गुलाब आणि सरजा आता खोली रिकामी करून सोनाळ्याला लेकीकडे जातील. गुलाबला माझ्या घरी चल म्हटलं, तर म्हणाला, "तुह्याकडं काय करू बे? श्लोक उचलू?"

परतताना आमच्याच गाडीच्या शेपटीला स्लीपरांची वाघीण जोडली होती. टोळीनंच भरलेली. गुलाब फलाटावर आला, पण माझ्याकडे न बघता लाकडांना बांधलेले दोर ओढून पाहत राहिला.

घरी सूनबाईनं विचारलं, "पाहिले का रूळ?"

म्हटलं, भरलेली वाघीण पाहिली. अशी चोख लावली होती की जलंबपर्यंत एक लाकूड हललं नाही.