दिवस मावळायच्या आत

मगदूम वकीलबाई दिवस मावळायच्या आत जेवायच्या, आणि निम्म्या वेळा पोलीस ठाण्याच्या पायरीवर. जैनाच्या घरातल्या, सूर्य गेला की पाणीसुद्धा नाही. डबा खाऊन झाला की त्यात घोटभर पाणी ओतायच्या, कडेनं बोट फिरवायच्या आणि ते पाणी पिऊन टाकायच्या. पोलीस हसायचे. बाई पदरानं डबा कोरडा करून तिथंच बसून राहायच्या.

मी वडूजच्या पलीकडचा धनगर. शाळा दुसरीपर्यंत. वकिलापुढं हात जोडायची मला सवय नाही आणि बाईंपुढंही जोडले नाहीत. आमच्या गायरानात सोलरची कंपनी आली, मेंढरांचं चरणं बंद झालं, तेव्हा माझा पोरगा बिरा कंपनीच्या खोदाई मशीनपुढं बसला. हातात काठीसुद्धा नव्हती. साध्या कपड्यातले दोघं आले आणि चौकशीला म्हणून त्याला गाडीत घालून घेऊन गेले. ठाण्यात गेलो तर म्हणाले, असा कोणी इथं आणलाच नाही.

शाळेच्या मास्तरनं बाईंचा नंबर दिला. सांगलीच्या विश्रामबागेतून, एसटीनं आल्या. मला वाटलं होतं, कोणी दणकट, मोठ्या आवाजाचं माणूस येईल. ही चपलेचा अंगठा शिवून घातलेली बारकी बाई. मी तोंडावर बोललो, "बाई, तुमी पोलिसास्नी दम देणार कसा, अन् पोरगं सुटणार कवा?"

"सुटायचं उद्या बघू, मामा. आधी माणूस कुठं आहे ते कळलं पाहिजे. नाही म्हणतात तोवर आत काहीही करतील. आहे म्हणाले की हात आखडतो."

हे त्यांचं नेहमीचं बोलणं. पुढं कितीतरी आयाबापांना हेच सांगताना मी ऐकलं. त्या दिवशी मात्र ठाण्याच्या पायरीवर बसून आतून काही आवाज येतो का म्हणून मी कान लावून होतो, आणि आवाज आलाच तर काय करायचं याचीही भीती होती.

सूर्य गेला तसा हवालदार बाहेर आला. "बाई, मावळला की दिवस. आता पानी सुदिक चालायचं न्हाई तुमाला. जावा घरला."

"माझं जेवण झालंय, भाऊ. तुमचं राहिलं असेल तर उरकून घ्या. आम्ही बसतो."

मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाल्या, "मामा, रानात बिरा दिसेनासा झाला तर कसं शोधता?"

"शोधायचं कशाला? हाक घालायची. कळपाच्या ह्या अंगाला मी, त्या अंगाला त्यो. मी हाक घातली की त्यानं उलट द्यायची."

"मग घाला की."

"हितं? ठाण्याम्होरं?"

"रस्त्यावर उभं राहून घाला. कोणी विचारलं तर मेंढरू चुकलंय म्हणा."

मी हाक घातली. काही नाही. दुसरी घातली, डोंगर ओलांडून जाईल अशी. ठाण्याच्या मागल्या अंगानं उलट हाक आली. बसलेली, फाटकी, पण बिराची. हवालदाराच्या हातातला चहा तसाच राहिला. बाई उठल्या, पदर झटकला आणि म्हणाल्या, "चला भाऊ, आता आत कोण आहे त्याचं नाव लिहून घ्या."

दुसऱ्या दिवशी बिरा कोर्टात उभा राहिला. एक खांदा वर धरून, पण उभा राहिला. बाईंनी फी घेतली नाही. मी फुकटचं कोणाचं ठेवत नाही, म्हणून घोंगडं नेऊन दिलं. "हे घेते," म्हणाल्या, "पायरी गार असते." पुढं त्या बोलावतील तिथं मी जायला लागलो. बिरा म्हणायचा, "आबा, तुमाला कायदा कळतोय व्हय?" बाई म्हणायच्या, "मामांना नुसतं बसायचंय. बसून राहणाऱ्या माणसाचं काय करायचं ते पोलिसांना कळत नाही."

गावोगावच्या बायांना त्या सांगायच्या, सूर्य मावळल्यावर बाईमाणसाला नेऊ देऊ नका. म्हणूनच की काय, गेल्या उन्हाळ्यात त्यांना न्यायला आले ते भर दुपारी, बायका पोलीस घेऊन. सभेत बोलल्या ते सरकारविरुद्ध होतं म्हणे. मी सांगलीला पोचलो तर बाईंची भावजय रडत होती. ठाण्यात सांगत होते, अशी बाई इथं नाही.

मी डबा भरून घेतला आणि ठाण्याच्या फाटकाशी उभा राहिलो.

"न्हाई म्हटलं न्हवं, म्हाताऱ्या?" फाटकावरचा पोलीस म्हणाला. "अशी कुनी बाई हितं न्हाई."

"नसंल तर तुमी खावा. पर दिवस मावळायच्या आत खावा."

सूर्य समोरच्या टाकीला टेकला होता. मी डबा फाटकातून आत धरला. तेवढ्यात आतून एक पोलीस पोरगी आली. तिनं एकदा मावळतीकडं बघितलं, माझ्या हातातला डबा घेतला आणि आत गेली. अंधारून आलं तेव्हा परत आणून दिला. "आमीच खाल्ला, बाबा," ती म्हणाली. माझ्याकडं बघितलं मात्र नाही.

मी झाकण काढलं. डबा आतून धुतलेला होता. साबणाचा वास नाही, भाताचं शीत नाही, कडेपर्यंत पुसून कोरडा.

मी त्या पोरीला काहीच बोललो नाही. तिची नोकरी गेली असती. रस्त्यापलीकडं जाऊन बाईंच्या हाताखालच्या वकिलाला फोन लावला. "बाई आत हायत," म्हटलं. "कोर्टात लिव्हा."

सकाळी कोर्टापुढं पोलिसांना 'आहे' म्हणावं लागलं. पण बाई सुटल्या नाहीत. आता त्या लांबच्या तुरुंगात आहेत, आणि तिथं घरचा डबा चालत नाही. मी पाठवलेलं घोंगडं जेलवाल्यांनी आत घेतलं की परत केलं, तेही नीट कळत नाही. बिरा म्हणतो, "आबा, जेलात दिवस असतानाच जेवान देत्यात." त्याला कोणी सांगितलं, का माझ्यासाठी म्हणतो, मी विचारलं नाही.

संध्याकाळी मेंढरं वळवताना मी सूर्याकडं बघतो. तो डोंगराला टेकला की मी हाक घालायचा थांबतो आणि तेवढंच मनात येतं, आलं असेल का बाईंचं जेवण.