मिनोवा-सानची पिवळी ज्योत

मिनोवा तोकुजी स्वतः बिअरच्या थेंबाला शिवत नाहीत, पण रिकाम्या बिअर कॅनची त्यांच्याइतकी पारख आमच्या गावात कोणालाच नाही. कुठला पत्रा कात्रीखाली चुरगळतो, कुठल्या कॅनचं बूड खोल आणि कुठल्याचं बसकं, हे ते नुसतं बोट फिरवून सांगतात. भरलेला कॅन पुढे ठेवला तर म्हणतात, "आधी कोणीतरी रिकामा करा हा." ते काम ओगुची आनंदाने करतो. ओगुचीचं दारूचं दुकान आहे आणि त्या दुकानाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक तो स्वतःच आहे.

माझं औषधांचं दुकान त्याच रस्त्यावर. आम्ही रिकाम्या कॅनच्या चुली करतो, आणि त्यांत जळणारं स्पिरिट माझ्याकडे मिळतं. म्हणजे पत्रा ओगुचीचा, इंधन माझं आणि डोकं मिनोवा-सानचं, असा आमचा कंपू जमला. आणखी दोघं-तिघं येऊन-जाऊन असतात. डोंगर चढताना पाठीवर गॅसची टाकी कशाला वाहायची? दोन कॅनची बुडं कापायची, एकात एक दाबून बसवायची, कडेला टाचणीने बारीक भोकं पाडायची आणि आत स्पिरिट ओतायचं. झाली चूल. वजन हातरुमालापेक्षा जास्त नाही. ऐकायला सोपं वाटतं. माझी पहिली चूल भोकं सोडून बाकी सगळ्या फटींतून पेटली होती. मिनोवा-सान तिच्याभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "बाई, ही चूल नाही. हा अपघात आहे."

ते निवृत्त होईपर्यंत आमच्या खोऱ्यातली दोन डब्यांची रेल्वेगाडी चालवत होते. केबिनमध्ये जे करायचे तेच ते चुलीपुढे करत. पांढरा हातमोजा चढवायचा, बोट रोखायचं आणि मोठ्याने म्हणायचं, "आडोसा, ठीक! भांडं, ठीक! ज्योत निळी, ठीक!" स्वयंपाक झाला की शेवटी, "ज्योत विझली, नक्की!" हे म्हटल्याशिवाय दुसऱ्यांदा स्पिरिट ओतायला ते बाटलीचं टोपण उघडत नसत. बोट दाखवून, तोंडाने बोलून केलेल्या कामात चूक होत नाही, हे रेल्वेने त्यांना शिकवलं आणि त्यांनी आम्हाला. आम्हीही चुलीपुढे बोटं नाचवू लागलो. येणारे-जाणारे गिर्यारोहक आमच्याकडे बघून लांबून जात.

निळी ज्योत ही मिनोवा-सानची अब्रू. पिवळी म्हणजे चूल नीट श्वास घेत नाही, भांड्याला काजळी धरणार, भोकं पाडताना हात हलला. ओगुचीचा हात सकाळपासूनच हललेला असायचा. त्याने काडी लावली की मिनोवा-सान स्टेशनचं नाव पुकारावं तशा सुरात म्हणत, "ओगुची, पिवळी." एवढंच. दरवेळी. ओगुची चिडायचा, "अहो, पाणी उकळतंय ना? मग झालं तर!" मिनोवा-सान आपल्या निळ्या ज्योतीकडे बघत बसत, आणि खरं सांगते, त्या वेळी त्यांचा मलाही राग यायचा.

पण निळ्या ज्योतीची एक वाईट खोड आहे. उजेडात ती दिसत नाही. चूल जळतेय की विझलीय हे कळायला भोकांजवळ डोळे बारीक करून बघावं लागतं, नाहीतर हाताची मागची बाजू वर धरून ऊब घ्यावी लागते. जळत्या चुलीत स्पिरिट ओतलं तर आग धारेवरून चढत थेट बाटलीत शिरते.

आणि मिनोवा-सानचे डोळे गेली दोन वर्षं आतून झिजत होते. कडेचं दिसायचं, म्हणून चालण्या-फिरण्यात कोणाला कळत नव्हतं. मधलंच तेवढं पुसट झालं होतं. ही गोष्ट त्यांची बायको योशिए आणि डोळ्यांचा डॉक्टर यांच्याखेरीज कोणाला ठाऊक नव्हती. मलाही मे महिन्यातच कळली, त्या दिवशी ते मनगटाला ओला टॉवेल गुंडाळून दुकानात आले तेव्हा.

घरामागे नवी चूल तपासत होते. पहिलं पाणी उकळलं. त्यांनी बोट रोखलं, म्हणाले, "ज्योत विझली, नक्की!" आणि ओतलं. चूल जळतच होती. बाटली हातातून फेकली म्हणून वाचले. बाही पेटली होती. योशिएने वाळत घातलेली ओली चादर ओढून त्यांच्या हातावर टाकली.

मी मलम लावत होते. भाजल्याचं दुखणं त्यांच्या तोंडावर दिसतच नव्हतं. ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होते. "बाई, मी बोट दाखवलं हो. मी म्हणालो, विझली. तोंडाने म्हणालो मी." आयुष्यभर सिग्नल न बघता एकदाही 'हिरवा' न म्हटलेला माणूस तो. त्या दिवशी जीभ सवयीने बोलून गेली आणि डोळ्यांनी काही बघितलंच नव्हतं. मला फार वाईट वाटलं. मी पट्टी गरजेपेक्षा जाड बांधली.

योशिएने चुली फेकून दिल्या नाहीत. तिने फक्त नियम घातला. "मी शेजारी असल्याशिवाय काडी ओढायची नाही. विझली की मी सांगेन. मग ओता."

नियमात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. पण योशिएचे गुडघे गेलेले, तिला माझ्या दुकानाच्या दोन पायऱ्या चढताना कठडा लागतो. ती डोंगरात येणार नाही, म्हणजे मिनोवा-सानची चूलही येणार नाही. आणि बर्फाने वाट बंद व्हायच्या आधी, नोव्हेंबरच्या शेवटी, आमचा कंपू वरच्या खिंडीत जातो. तिथे ज्याने त्याने आपली चूल पेटवायची, आपलं जेवण रांधायचं. दुसऱ्याच्या चुलीवरचा चहा कोणी पीत नाही. ही रीत मिनोवा-साननीच घातलेली.

उन्हाळाभर ते घरामागे बसत. योशिए हातात फडकं घेऊन उभी राहायची आणि सांगायची, "जळतेय... अजून जळतेय... हं, विझली." त्यांनी बोट रोखणं सोडून दिलं. पांढरा हातमोजा कुठे दिसेना. चुली मात्र करत होते, आधीपेक्षा जास्तच, आणि ज्याला त्याला वाटून टाकत होते. ते बघून मला बरं वाटत नव्हतं.

ओगुचीला फक्त मनगट भाजल्याचं ठाऊक होतं. मनाने तो चांगला आहे, पण अक्कल उशिरा पोचते. माझ्या दुकानात, माझ्यादेखत तो त्यांना म्हणाला, "मिनोवा-सान, खिंडीत नुसते या की तुम्ही! चहा मी करून देतो!"

"पाहुणा म्हणून?" मिनोवा-साननी विचारलं.

"म्हणजे... हो. त्यात काय?"

"काही नाही," ते म्हणाले आणि छत्री न घेताच बाहेर पडले. मला छत्री नेऊन द्यावी लागली.

मग नोव्हेंबर आला आणि खारवणाची धांदल सुरू झाली. आमच्याकडे पहिले हिमकण पडायच्या सुमाराला घरोघरी नोझावानाची पालेभाजी पिंपात मिठाचे थर देऊन दाबतात. हा मीठभाजीचा साठा वसंत ऋतूपर्यंत पुरतो. योशिए घरामागच्या नळावर कोपरापर्यंत मिठाची झाली होती. मिनोवा-सानना चहा हवा होता. चूल वाऱ्यात होती, म्हणून तिने त्याच ओल्या, खारट हातांनी ती उचलून पायरीच्या आडोशाला ठेवली आणि पुन्हा पिंपाकडे वळली. त्यांनी काडी लावली.

"पिवळी!" ते ओरडले. "अगं, ही पिवळी कशी जळतेय? कुठलं भोक बुजलंय? हात कोणी लावला हिला?"

योशिएने तोंडाकडे नेलेला भाजीचा देठ तसाच हातात राहिला. "अहो," ती म्हणाली, "तुम्हाला कुठून कळलं पिवळी आहे ते?"

तिने हे मला सांगितलं तेव्हा दुकानात उभ्या उभ्या तिचे डोळे भरले होते. "बसले खाली आणि विझेपर्यंत बघत राहिले गं. मग स्वतःच म्हणाले, विझली. मी जवळ जाऊन बघितलं. खरंच विझली होती."

मीठ ज्योतीत गेलं की ती पिवळी होते, हे शाळेत मुलांना शिकवतात. मी तर औषधशास्त्र शिकलेली बाई, पण माझ्या डोक्यात हे सहा महिन्यांत आलं नाही. पुढचे काही दिवस दोघं ब्रशने चुलीच्या कडेला मिठाचं पाणी लावून, वाळवून बघत होती. उन्हात, सावलीत, वाऱ्यात. सावलीत ज्योत त्यांना हमखास दिसायची.

अडलं ते भलतीकडेच. "मी पिवळी ज्योत घेऊन खिंडीत जाऊ?" मिनोवा-सान म्हणाले. "ओगुचीपुढे?"

"नका जाऊ," योशिए म्हणाली. "पाहुणे म्हणून जा. ओगुची चहा देतोच आहे. वर बिस्किटंही देईल."

त्यानंतर घरात दोन-तीन दिवस अबोला होता. मग एका सकाळी ते दुकानात आले, म्हणाले, "बाई, स्पिरिटची एक बाटली." मी बाटली कागदात बांधली. मागोमाग योशिए आली आणि हळूच म्हणाली, "तू असशीलच ना वर? ते विझली म्हणाले की त्यांच्या नकळत एकदा हात धरून बघ गं चुलीवर. मला काही धीर होत नाही." मी कबूल केलं.

खिंडीत कडाक्याची थंडी होती. लार्चची झाडं पार निष्पर्ण झाली होती. बंद निवाऱ्याच्या भिंतीच्या सावलीत आम्ही ओळीने बसलो. थंडीत स्पिरिट पेट घेत नाही, म्हणून सगळ्यांनी बाटल्या अंगाशी धरून उबवल्या होत्या. मिनोवा-साननी खिशातून पांढरा हातमोजा काढला. तो इस्त्री केलेला होता.

"आडोसा, ठीक. भांडं, ठीक." काडी लागली. ज्योत भरभरून वर आली, भोपळ्याच्या फुलासारखी पिवळीजर्द.

ओगुची या क्षणाची वर्षानुवर्षं वाट बघत होता. तो उठून उभाच राहिला. हात तोंडाशी धरून स्टेशनचं नाव पुकारावं तसा ओरडला, "मिनोवा-सान, पिवळीऽऽ!"

बाकीचे हसले. मी हसले नाही.

"हो," मिनोवा-सान म्हणाले. "मीठ लावलंय. निळी दिसत नाही मला. मधलं दिसणं गेलंय. मेमध्ये हात भाजला तो त्याचमुळे." मग त्यांनी बोट रोखलं. "ज्योत पिवळी, ठीक!"

ओगुची तसाच उभा होता, तोंडाशी हात धरून. हात कधी खाली घ्यावा हे त्याला कळेना. शेवटी बसला आणि आपल्या भांड्यात उगाच चमचा ढवळत राहिला. पाणीसुद्धा अजून तापलं नव्हतं.

मिनोवा-सानच्या नूडल्स शिजल्या. त्यांनी त्या शांतपणे खाल्ल्या. चूल सुरू होती तोवर त्यांची मान तिच्याकडे किंचित तिरकी होती. मग ज्योत बसत गेली, भोकाभोकाशी आली आणि गेली. हातमोजा पुढे आला. "ज्योत विझली, नक्की!"

मी काहीतरी सांडल्याचं सोंग करून वाकले आणि चुलीवर हात धरला. पत्रा गरम होता, पण आग नव्हती.

"बाई, हात काढा," ते म्हणाले. "मी बघितलंय."

मी हात मागे घेतला. कडेचं त्यांना चांगलं दिसतं, हे मी विसरले होते.

मग त्यांनी योशिएने दिलेला डबा उघडला. नवी मीठभाजी, अजून पाणी सोडणारी. डबा ओळीने फिरला. चॉपस्टिक बॅगेत गेल्या होत्या, म्हणून सगळ्यांनी बोटांनीच देठ उचलले. ओगुचीने दोनदा घेतले. तो चुलीच्या बाबतीत कितीही ढिला असला तरी हाताचा स्वच्छ माणूस आहे, खाल्लं की लगेच रुमालाला बोटं पुसतो. त्या दिवशी त्याने ती खारट बोटं पुसली नाहीत. आपली थंड झालेली चूल उचलली, तिची कड अंगठ्याने सगळीकडून चोळली, खाली ठेवली, स्पिरिट ओतलं आणि चहासाठी काडी लावली. मी बघत होते.

मिनोवा-सान आपल्या डब्याचं झाकण लावत होते. त्यांची मान वळली. मग पांढरा हातमोजा सगळ्यांच्या डोक्यांवरून पार ओळीच्या टोकाकडे रोखला गेला.

"ओगुची," ते म्हणाले, "पिवळी."

"पाणी उकळतंय ना?" ओगुची म्हणाला.