दोन बादल्यांची आंघोळ

मंडळी, जयनगरच्या एका सायबर कॅफेतून लिहितोय. अकरा वर्षांनी परदेशातून घरी आलोय. तुम्ही विचारत होता ना, बेंगळुरू कसं आहे? सुंदर आहे. रस्त्यावर जांभळ्या फुलांचा सडा आहे आणि नळाला दिवसाआड पाणी.

दिवसाआडचं मला नवीन नाही. चामराजपेटेतल्या आमच्या घरात मी पहाटे उठून पिंपं भरलेली आहेत. तरीही आज सकाळी न्हाणीघरात भरलेल्या दोन बादल्या दिसल्या आणि मी दोन्ही अंगावर ओतून घेतल्या. बाहेर आलो तेव्हा वैनींचा चेहरा बघून कळलं, घरातल्या पाच जणांचं आजचं पाणी मी संपवलं होतं.

"अण्णा, चुकलं माझं," मी थोरल्या भावाला म्हणालो.

"असू दे रे. स्वल्प जास्त लागलं, एवढंच," असं म्हणून त्याने पेपरात डोकं घातलं.

हाच अण्णा एके काळी तांब्याभर पाणी सांडलं तरी गल्लीभर ऐकू जाईल असा माझ्यावर ओरडायचा. खरं सांगतो, मी आज त्या ओरडण्याचीच वाट बघत ओल्या केसांनी उभा होतो.

मग वैनी घागर घेऊन शेजारच्या अक्कांकडे गेल्या. "घरी पाहुणे आलेत," असं त्या सांगत असलेलं मला खिडकीतून ऐकू आलं.

घरात माझ्याशिवाय कोणीही आलेलं नाही.

तुम्ही सुट्टीला घरी जाता तेव्हा घरचे अजून तुमच्यावर ओरडतात का? ओरडत असतील, तर परतीचं तिकीट जरा पुढे ढकला.