चहा नाकारणारे भाऊ

चहाचा इतका भोक्ता आणि इतका वैरी एकाच धोतरात नांदताना मी दुसरा पाहिला नाही. हे गृहस्थ कुरखेड्यातले माझे घरमालक. चांदा जिल्हा मध्यप्रदेशात मोडत होता तेव्हाची गोष्ट. मी तिथल्या शाळेत नवा मास्तर म्हणून आलो होतो आणि त्यांच्या पुढच्या खोलीत राहत होतो. गाव त्यांना भाऊ म्हणे, म्हणून मीही भाऊच म्हणू लागलो. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती लेक गोंडपिपरीला दिलेली. आतल्या खोलीत दार लावून ते दिवसभर चहा उकळीत. वास माझ्यापर्यंत येई, चहा कधी आला नाही. बाहेर मात्र कुणाच्या ओट्यावर गप्पा कितीही रंगलेल्या असोत, आतून कपबशी वाजली की भाऊ उठलेच. पाटलाकडे त्यांना पित्त असे, दुकानदाराकडे उपास असे आणि शिंप्याकडे त्यांनी मार्कंड्याच्या महादेवापुढे चहा सोडलेला असे. एका लग्नात हे तिघेही एकदम भेटले, तेव्हा भाऊंनी तिन्ही कारणं एका दमात सांगितली आणि वर ऊन लागल्याचं चौथं जोडलं.

लोकांनी हे सगळं हसून सोडून दिलं असतं. पण गणपतीत आरतीचं ताट भाऊंच्या हाती आलं, ते थरथरलं, निरांजन कलंडलं, आणि गावाने निकाल देऊन टाकला की भाऊ दार लावून मोहाची दारू घेतात. मग ओट्यावरून त्यांना हाक येईनाशी झाली. संध्याकाळी ते दारात बसून रस्त्यावरून जाणाऱ्या बैलांची विचारपूस करीत. बैल तेवढे थांबत.

एका दुपारी मी काडेपेटी मागायला त्यांचं दार ढकललं. भाऊ पाटावर बशी ठेवून, हात पाठीमागे बांधून, वाकून ओठांनी चहा पीत होते. मला पाहून ते सरळ झाले. दोन्ही हात कापतात म्हणाले, नुसते ठेवले तर गुमान पडून असतात, काही उचललं की सुरू. त्यांनी उपायही सगळे केले होते. मनगटाला काळा दोरा बांधला होता, रोज सकाळी वरवंटा धरून हाताला वळण लावत होते, वर बुजऱ्या गोऱ्ह्याला चुचकारावं तसं "हो, हो" म्हणत होते. एवढं केलं, मग डॉक्टरला का नाही दाखवलं, असं मी चिडूनच विचारलं.

"डॉक्टर पयले तोंडाचा वास घेईन, गुरुजी," ते म्हणाले. "मंग गावाले सांगाले मोकळा."

आणि मग गोंडपिपरीचं निघालं. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी पिऊ नये, ही रीत भाऊंना देवासारखी पावली होती. तोवर ते तिच्याकडे हक्काने जात, हात मांडीवर ठेवून बसत आणि चहाला रीत दाखवून परत येत. मग नात झाली. सबब संपली. व्याह्यांसमोर कप धरावा लागेल, ते दारुडा म्हणतील, लेकीला तोंड दाखवायला जागा राहणार नाही, म्हणून भाऊंनी जाणंच बंद केलं. निरोप आला की कधी धान कापणी असे, कधी वाटेत वाघ असे. नात आता शाळेत जाऊ लागली होती आणि त्यांनी तिला पाहिलं नव्हतं.

मी त्यांना जवळजवळ ओढतच चांद्याला नेलं. डॉक्टरांनी वास घेतला नाही. चालणं मंदावलंय का, अक्षर बारीक झालंय का, घरात आणखी कुणाला होतं का, असं विचारलं. बापालाही होतं, भाऊ म्हणाले. कागदावर जिलेबीसारखी वेटोळी काढायला लावली. ती जिलेबी कुठल्या हलवायाने विकली नसती. मग डॉक्टर म्हणाले, हे घराण्यातून आलेलं आहे, दारूचं नाही आणि जिवावरचंही नाही. चहा कमी करा, कप अर्धा भरा. कधी एकदम एक बाजू लुळी पडली, बोलणं अडखळलं, तर मात्र त्याच दिवशी या. आणि एवढी वर्षं कशाला घालवलीत, पहिल्यांदा कापले तेव्हाच यायचं होतं. बाहेर आल्यावर भाऊंनीच गोंडपिपरीची मोटर कुठी लागते ते विचारलं.

व्याह्यांच्या ओट्यावर चहा आला तेव्हा भाऊ उठले नाहीत. दोन्ही हातांनी कप धरला, निम्मा धोतरावर सांडला. "दारू नाई पेत मी," ते म्हणाले. "हात कापते माहे. म्हनून येत नोतो."

लेक दाराशी उभी होती, ती पदर तोंडाला लावून आत गेली. तिच्या मागून एक मुलगी पुढे आली, धिटाईने भाऊंकडे पाहू लागली आणि म्हणाली, "म्हंजे मी पोरगी झाली म्हनून नोते का तुमी येत?"

परतीच्या मोटारीत भाऊ खिडकीशी बसले होते. हात मांडीवर अगदी शांत होते. मग म्हणाले, "लेक बी हेच समजून राह्यली होती, गुरुजी. इतके वर्सं."